रात्रपाळीचा हिशेब

नागपूरहून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले की कन्हानकाठी मौदा येते. धानाच्या या तालुक्यात आज एनटीपीसीचे २३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. बॉयलर रात्री झोपत नाही. माणसे पाळ्यांनी जागतात. अशा ठिकाणी स्त्रियांना समान संधी आहे का, हे हजेरीपटावर कळत नाही. त्यासाठी रात्रपाळीचा तक्ता पाहावा लागतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण मध्यरात्री संच बंद पडल्यावर तो पुन्हा कसा सुरू करतात, हे जिने पाहिलेच नाही, तिला उद्या पाळीप्रमुख कोण करणार? २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. २०१९ मध्ये भूमिगत कोळसा खाणींतही स्त्रियांना तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी वाट मिळाली.

कायद्याचे दार उघडले, पण उंबरठे उरलेच. बँकेतल्या नोकरीत मी हे पाहिले आहे. बढती हवी तर खेड्यातली शाखा घ्यायची. नको म्हणणाऱ्या बाईला ‘महत्त्वाकांक्षाच नाही’ असा शेरा मिळे. त्या शाखेत स्वच्छतागृह आहे का, गावात एकट्या बाईला खोली मिळेल का, हे कुणी विचारत नसे.

पाळणाघराचेच पाहा. कारखाना कायद्यात ते तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथेच सक्तीचे होते. म्हणजे मूल बाईचेच, हे गृहीत. आणि एकतिसावी बाई मालकाला महाग. २०१७ मध्ये प्रसूतीलाभ कायदा बदलला आणि पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया. हा बदल छोटा दिसतो, पण मूल दोघांचे असल्याची ती सरकारी कबुली आहे.

राहता राहिले घर. मुलीला इंजिनीअर करणारे आईबाप स्थळ पाहताना ‘नोकरी दिवसाचीच आहे हो’ असे आवर्जून सांगतात. नवरा रात्रपाळीहून आला की पोरांना दटावले जाते, कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजते. बायको रात्रपाळीहून आली की ओट्यावर कणीक तिची वाट पाहत असते. मौद्यातली समानता केंद्राच्या फाटकाशी सुरू होत असेल. तिचा हिशेब मात्र सकाळी साडेसहाला या ओट्यावर लागतो.