चुन्याची पुडी आणि मूलपेशी

मूलपेशींच्या अभ्यासकाची हयात प्रयोगशाळेत सरते आणि आपल्या मालवण-कुडाळच्या दवाखान्यापर्यंत तिचा धागा येऊन पोहोचत नाही, अशी जी समजूत आपल्या व्यवसायबंधूंत रूढ आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीपुंजांवर व मूलपेशींवर दीर्घकाळ संशोधन केले, पुढे बेंगळुरूस तेच कार्य चालविले. तथापि मधुमेही रोग्याच्या चिठ्ठीवर आपण लिहून द्यावा असा मूलपेशींचा उपचार आज आपल्या हाती नाही. यात संशोधकास उणेपणा येत नाही. या विद्येची चालच धीमी.

जिथे ती चालून इष्ट स्थळी पोहोचली, ते स्थळ मात्र आपल्या अगदी दारातले आहे. शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत या किनाऱ्यास जुनी, आणि पानाचे तबक आजही घरोघरी आहे. आजोबांची चुन्याची पुडी पोराच्या हाती लागते, ते ती दाबते, आणि चुना थेट डोळ्यात उडतो. अल्कली आत झिरपत जाते आणि पारपटलाच्या काठावरील ज्या अरुंद पट्ट्यात त्याच्या पृष्ठभागाच्या मूलपेशी वसतात, तो पट्टाच जळून जातो. मग शेजारचे नेत्रश्लेष्म रक्तवाहिन्यांसह बुबुळावर अतिक्रमण करते, आणि अशा डोळ्यावर नुसते नेत्ररोपण केले तरी ते टिकत नाही, कारण वरचा थर नित्य नवा करणारे मूळच तेथे उरलेले नसते.

1997 साली इटलीत ग्राझिएला पेल्लेग्रिनी व सहकाऱ्यांनी निरोगी डोळ्याच्या काठावरील पेशी प्रयोगशाळेत वाढवून जळालेल्या डोळ्यावर बसविल्या. त्याहून चकित करणारी गोष्ट हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत घडली: डॉ. वीरेंदर सांगवान व सहकाऱ्यांनी 2012 साली दोनेक मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून, ते गर्भवेष्टनाच्या पापुद्र्यावर थेट डोळ्यातच चिकटविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पेशी वाढविण्याची महागडी प्रयोगशाळाच त्यातून बेदखल झाली. स्वतःच्या कारखान्याची गरज स्वतःच संपविणारा शास्त्रज्ञ विरळा. आमच्या मते या क्षेत्रातील थोरवीचे हेच माप आहे.

उलटपक्षी गुडघेदुखी, पक्षाघात, मुलांचा स्वमग्नपणा अशा सर्व व्याधींवर मूलपेशींची सुई देणाऱ्यांच्या जाहिराती गावोगाव पोहोचतात, आणि कलमांची बाग गहाण टाकण्याची तजवीज करून कुणी आपला सल्ला घेण्यास येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, रक्तविकारांतील अस्थिमज्जारोपणासारख्या मान्य उपयोगांची यादी सोडली तर मूलपेशी केवळ मंजूर चाचणीतच वापरण्याची मुभा आहे, आणि चाचणीतील रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत. जो मोबदला मागतो त्याची परीक्षा याच एका कलमावर होते.

चुना उडालेला रोगी आला तर प्रथम अर्धा तास तरी स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, वरची पापणी दुहेरी उलटून खाली दडलेले चुन्याचे कण काढावेत, आणि मगच बांबोळी वा कोल्हापूरची शिफारस लिहावी. मूलपेशींचे रोपण दाह शमल्यावर, काही महिन्यांनी व्हावयाचे. म्हणून चिठ्ठीत अपघाताची वेळ, धुण्याचा अवधी आणि दुसरा डोळा निर्दोष आहे की नाही याची नोंद असावी, कारण रोपणाचा कण त्या दुसऱ्या डोळ्यातूनच घ्यावयाचा आहे.