लष्करच्या भाकऱ्या

लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांवरील एक अरिष्ट २०२४ साली टळले, ते केवळ अर्ध्या सेकंदामुळे. संगणकात प्रवेश मिळण्यास तेवढा विलंब का होतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत दडविलेले चोरदार सापडले. २९ मार्च रोजी त्यांनी ते जाहीर केले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा कोणी अज्ञात इसम दोन वर्षांहून अधिक काळ सेवाभावाचे सोंग वठवीत होता. हे कृत्य त्याचेच.

एवढी महत्त्वाची आज्ञावली लासे कॉलिन हे जवळजवळ एकट्याने, विनावेतन सांभाळीत होते. थकल्या माणसाने मदतीचा हात धरला, तर दोष त्याचा कसा? मुक्त आज्ञावलीच असुरक्षित, हा निष्कर्षही उतावळेपणाचा ठरेल. ती सर्वांस खुली होती, म्हणूनच कपटाचा माग काढता आला. खरा दोष, फुकट मिळते म्हणून कर्तव्य विसरणाऱ्यांचा. अशा आज्ञावलींवर कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या किती कंपन्यांनी, घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची विचारपूस केली? जर्मन सरकारने या कामासाठी २०२२ साली निधी उभारला. हा शहाणपणा इतरांनीही दाखवावा. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी खुशाल न्यावे; गाळ उपसण्याची पाळी मात्र एकट्यावर येऊ नये.