खाडीचा सातबारा

मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. वीज, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या रांगेत बसवणारा हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र कोकणच्या खाड्यांत होऊ शकणाऱ्या शिंपल्यांच्या शेतीपर्यंत तो पोहोचायचा, तर आधी एक मोठा अडसर दूर करावा लागेल.

ओहोटी लागली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांत बायका उतरतात, चिखलातून तिसऱ्या वेचतात, खडकावरची कालवे फोडतात. धारदार कवचांनी हात कापतात. शेतीची रीत वेगळी. शिनाणे या शिंपल्यांचे बी सुती कापडात घेऊन नायलॉनच्या दोरीभोवती शिवतात आणि या दोऱ्या खाडीत रोवलेल्या बांबूंच्या मांडवाला टांगतात. काही दिवसांत कापड कुजते, तोवर बियांनी आपल्या तंतूंनी दोरी घट्ट धरलेली असते. खाद्य विकत आणायला नको. पाणी गाळून त्यातल्या सूक्ष्म शेवाळावर ती वाढतात. पावसाळ्यानंतर पाणी खारे झाले की लावणी आणि मृगाच्या आत काढणी, कारण पुराच्या गोड्या पाण्यात शिनाणे तगत नाहीत.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे हे तंत्र केरळच्या कासरगोड जिल्ह्यात महिला बचत गटांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रुजवले. आपल्याकडे कांदळवन प्रतिष्ठानाच्या मदतीने गटांनी कालवे व शिनाण्यांची शेती करून पाहिली आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पैशाची वाट बंद नाही.

अडते ते पाण्याच्या हक्कापाशी. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. खाडीत मांडव घालणाऱ्या बाईने बँकेत कोणता कागद दाखवायचा? मांडवातला माल चोरीला गेला, वाळूच्या होड्यांनी दोऱ्या तोडल्या, तर दाद कोणत्या हक्काने मागायची? खाडीचे पट्टे ठराविक वर्षांच्या कराराने द्यावेत आणि त्यात पहिला मान तिथे आज तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा असावा. नुसता लिलाव पुकारला, तर पैसेवाले खाडी अडवतील आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगणाऱ्या काठावर उभ्या राहतील. असा विकास आम्हाला मान्य नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छ पाण्याची. पाणी गाळणारा शिंपला त्यातले जंतू आणि जड धातूही पोटात साठवतो. लोटे परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. अशा पाण्यात अनुदानाचे बांबू रोवून काय साधणार? प्रत्येक खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी हवी, तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत. विक्रीपूर्वी शिंपले स्वच्छ समुद्रपाण्यात ठेवून शुद्ध करण्याच्या टाक्याही सरकारनेच बांधाव्यात. एकट्यादुकट्या गटाच्या आवाक्यातले ते काम नाही.

मत्स्यव्यवसाय खाते, महसूल खाते आणि सागरी मंडळ यांनी एकत्र बसून निदान दोन-तीन खाड्यांतले पट्टे पुढच्या लावणीच्या हंगामाआधी मोजून द्यावेत.