बिगर-राज्य घटक 'नवे' नाहीत : जुन्नरची लेणी काय सांगतात?

१/ जागतिक राजकारणात 'बिगर-राज्य घटक' शीतयुद्धानंतर अवतरले, असे स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत सर्रास लिहिलेले असते. हे विधान चूक आहे. ते खोडण्यासाठी जिनिव्हा गाठण्याची गरज नाही. नारायणगावहून जुन्नरची एसटी पकडली तरी पुरे.

२/ दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. येथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांत इरिल, चिट आणि चंद हे तीन दाते 'यवन' म्हणून नोंदले आहेत. कोणत्याही राजाचे दूत म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप.

३/ धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि टाके दान केले. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे गुंतवलेल्या दानाची नोंद आहे.

४/ नाशिकचा लेख त्याहून बोलका. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ३,००० कार्षापण कायमचे गुंतवतो, ते विणकरांच्या श्रेणींकडे : २,००० दरमहा १ टक्क्याने, १,००० पाऊण टक्क्याने. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा उमटवला. जोगलटेंभीचा साठा त्याची साक्ष देतो. राजवट अशी उलटू शकत असताना 'कायमची' ठेव राजघराण्याने कुणाच्या हाती दिली, हे नीट पाहावे.

५/ 'हा व्यापार झाला, राजकारण नव्हे,' असा आक्षेप येईल. मग १७७९ चे वडगाव पाहा. मराठ्यांनी तेथे ज्या सैन्याला शरण आणले, ते ईस्ट इंडिया कंपनीचे होते. वडगावचा करार नाकारला, तो कंपनीच्याच कलकत्त्याच्या सरकारने. सालबाई (१७८२) आणि वसई (१८०२) हे तहही कंपनीशीच झाले. १८१८ मध्ये जीवधन, चावंड, शिवनेरी घेतले, तेही कंपनीच्या फौजेने.

६/ दुसरा आक्षेप : कंपनी हा ब्रिटिश राजसत्तेचा मुखवटा होता. यात तथ्य आहे, पण अर्धेच. १७७३ आणि १७८४ चे कायदे संसदेला करावे लागले, कारण कंपनी आवरेनाशी झाली होती. १८१८ मध्ये तिच्यावर संसदेचे नियंत्रण मंडळ होते, हे खरे. पण फौज, महसूल आणि भागधारक तिचेच होते.

७/ १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार थांबला, लाभांश थांबला नाही. भागधारकांना वार्षिक साडेदहा टक्के देण्याची तरतूद हिंदुस्थानच्या महसुलातून झाली. म्हणजे मीना नदीकाठच्या शेतकऱ्याने भरलेला सारा ज्या तिजोरीत जाई, तिच्यातूनच लंडनच्या भागधारकाचा लाभांश निघे. 'इंग्रजांनी राज्य घेतले' या एका वाक्यात हा भागधारक अदृश्य होतो.

८/ म्हणूनच व्याख्येचा हा वाद केवळ शब्दांचा नाही. विणकरांच्या श्रेणीने किती व्याज द्यायचे, हे लेण्याच्या भिंतीवर कोरलेले होते. वाचता येणाऱ्या कुणालाही ते दिसे. कंपनीचा हिशेब मात्र तिच्या रयतेसमोर कधीच मांडला गेला नाही. घटक राज्य आहे की बिगर-राज्य, एवढ्यावर टिपण संपवू नये. तो कुणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न आजच्या कंपन्यांना, संघटनांना आणि सशस्त्र गटांनाही तितकाच लागू आहे, आणि परीक्षेत विचारला जात नसला तरी विचारलाच पाहिजे.