बॅरिस्टर झाले, तरी मराठी सुटली नाही



मागे वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, "काका, मला बॅरिस्टर व्हायचंय. कोर्टात मराठी कुठे लागते?" प्रश्न रास्त होता. इथल्या कोर्टात मराठी लागत नाही. तेव्हा मला नीट उत्तर सुचलं नाही, ते आज देतो.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे ते आपल्या या लंडनमध्येच शिकून बॅरिस्टर झाले. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले. पत्नी ऑस्ट्रियन. युरोपातच सुखाने राहायला त्यांना कोण अडवणार होतं? पण ते परत गेले आणि १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

कायद्याचं शिक्षण त्यांना दिल्लीत उपयोगी पडलं. मूलभूत हक्कांना संसद कात्री लावू शकत नाही, असा निकाल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हा घटनादुरुस्तीचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच हवा, म्हणून नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही. ते बरोबर होते का, यावर घरी जरूर वाद घाला!

पण त्यांना दिल्लीला पाठवलं कोणी? कोकणातल्या शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी. त्यांच्यापुढे लंडनची पदवी काय कामाची? तिथे त्यांच्याच भाषेत बोलावं लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावला सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतिसभेत ते बोलले आणि १८ तारखेला गेले. वय अवघं ४८.

तेव्हा मित्रा, माझं उत्तर असं: वकील व्हायला मराठी लागत नाही. आपल्या माणसांचं म्हणणं समजून घेऊन ते पुढे मांडायचं असेल, तर मात्र लागते. आजीची तक्रार आईने इंग्रजीत सांगितल्यावरच तुला कळत असेल, तर आजीचं वकीलपत्र तू कसं घेणार?

आणि पालकहो, आठवडाभर आपण मुलांशी इंग्रजीत बोलायचं आणि शनिवारी दोन तासांत वर्गाने चमत्कार करायचा, हे काही जमायचं नाही. निदान घरी परतताना गाडीत तरी मराठी बोलूया.