‘मास्टरस्ट्रोक’चा इतिहास आणि राजगडाचा संयम

१/ शिवचरित्रातील प्रत्येक प्रसंगाला ‘मास्टरस्ट्रोक’ म्हणायचे आणि शेजारी बुद्धिबळाच्या पटाचे चित्र चिकटवायचे, ही प्रथा इतकी रूढ झाली आहे की तिच्याविरुद्ध बोलणे उद्धटपणाचे वाटावे. तरीही बोलणे भाग आहे.

२/ आक्षेप उपमेला नाही, तिच्या अर्धवट वापराला आहे. वजिराचा बळी देऊन तीन चालींत मात, एवढेच बुद्धिबळ ज्यांना ठाऊक आहे, ते इतिहासातही तेवढेच शोधतात. उपमा घ्यायचीच, तर स्पॅनिश ओपनिंगची घ्यावी.

३/ स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ च्या ग्रंथात या सुरुवातीचे विवेचन केले. आपल्याकडे तेव्हा खेळाचे नियम वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. म्हणून पुढील तुलना समजण्यापुरती आहे, पुरावा म्हणून नव्हे.

४/ या सुरुवातीच्या ‘बंद’ प्रकारात पांढरा उंटाने काळ्याच्या घोड्यावर दाब आणतो आणि पाचव्या चालीला किल्लेकोट करून राजा सुरक्षित करतो. नववी चाल बहुधा कडेच्या प्याद्याची, एकच घर. काळ्याच्या उंटाला ठाण मांडायला जागा मिळू नये, एवढाच तिचा हेतू. मग वजिराच्या बाजूचा घोडा तीन चाली खर्चून राजाच्या बाजूला येतो. पाहणाऱ्याला वाटते, काहीच घडत नाही.

५/ आता वेल्ह्यातला राजगड पाहा. मुरुंबदेवाच्या डोंगरावर तटबंदी उभी राहिली. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि वर बालेकिल्ला. सुमारे पाव शतक राज्याचा कारभार येथून चालला. हा किल्लेकोट एका चालीत झालेला नाही.

६/ “मग अफजलखान? शाहिस्तेखान? तेथे तर क्षणात निकाल लागला!” हा प्रतिवाद नेहमी येतो. त्याचे उत्तर भोरच्या खोऱ्यात आहे.

७/ जून १६५९ मध्ये आदिलशहाने मावळच्या देशमुखांना खानाला सामील होण्याची फर्माने धाडली. उत्रौलीचे खंडोजी खोपडे गेले. कारीचे कान्होजी जेधे मुलांसह महाराजांकडे आले आणि तेथेच राहिले. जावळी तर १६५६ मध्येच घेतलेली होती. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग या पायावर उभा आहे. पटावर जागा भक्कम नसेल, तर देखणी चालही फसते.

८/ आणि पुरंदरचा तह? जून १६६५ मध्ये २३ किल्ले दिले, १२ राखले. दिलेल्यांत भोरजवळचा रोहिडा होता. राखलेल्यांत राजगड आणि तोरणा. एक पक्ष याला नामुष्की म्हणतो, दुसरा ‘गनिमी डाव’ म्हणून टाळ्या वाजवतो. दोघांनाही पुढची पाच वर्षे वाचायची नसतात.

९/ स्पॅनिशमध्ये ब्रेयर पद्धत आहे. नवव्या चालीला काळा बाहेर काढलेला घोडा मूळ घरी परत नेतो. नवशिका हसतो. पण त्यामुळे अडलेले प्यादे मोकळे होते, उंटाची तिरपी वाट खुली होते आणि तोच घोडा अधिक सोयीच्या घरातून पुन्हा बाहेर पडतो.

१०/ आग्र्याहून सुटका ऑगस्ट १६६६ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मोगलांशी मोठे युद्ध नाही. १६६८ मध्ये सलोखा, औरंगजेबाकडून ‘राजा’ या किताबाला मान्यता. या काळात महसुलाची आणि लष्कराची घडी बसवली गेली. मग ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाणा, ८ मार्चला पुरंदर आणि त्याच वर्षी रोहिडाही. आपल्या पोस्टींत कोंढाणा असतो. आधीची तीन वर्षे नसतात.

११/ यात बिघडते काय? ‘मास्टरस्ट्रोक’ला एकच माणूस पुरतो, तट बांधणारे, सारा मोजणारे, घरादारावर पाणी सोडणारे देशमुख त्यात मावत नाहीत. महाराज मोठे ठरावेत म्हणून त्यांची माणसे पुसणे हा गौरव नव्हे. शिवाय थांबणे म्हणजे कचरणे, हा चुकीचा धडा आपण नव्या पिढीला देतो.

१२/ वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे. आनंद आहे. पुढच्या खेपेला बालेकिल्ल्यावर छायाचित्र काढून झाले, की वाट वाकडी करून कारीला आणि रोहिड्यालाही जाऊन या. त्या पाव शतकातल्या पुष्कळशा ‘काहीच न घडणाऱ्या’ चाली तेथे खेळल्या गेल्या.