सोळा वर्षांखालील मुली

आशियातल्या सोळा वर्षांखालील मुलींची पहिली बास्केटबॉल स्पर्धा २००९ साली पुण्यात झाली. चीन, जपान, कोरियाच्या पोरी आपल्या राज्यात खेळून गेल्या. २०१७ मध्ये बंगळुरूला आपल्या मुलींनी याच वयोगटात 'ब' विभाग जिंकला आणि वरच्या विभागात जागा मिळवली.

शिरड शहापुरात सोळा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा वेगळी असते. कुणाला आधी स्थळ येतं, याची. कायदा अठराचा आहे हे सगळ्यांना तोंडपाठ. तरी जन्मतारखेचा दाखला कपाटात आणि हळद अंगाला.

नववीतल्या एका मुलीच्या घरी गेले होते. खो-खोत जिल्ह्यापर्यंत पोचलेली पोर मैदानावर येईनाशी झाली होती. आई म्हणाली, "ताई, शहाणी झाली ती. हाफपँट घालून उड्या मारल्या तर उद्या पत्करंल कोण?" आईला मी दोष देत नाही, बोलणी तिलाच खायची असतात. पण मुलगी तिथंच दाराआड उभी होती आणि तिला कुणी विचारलं नाही. (पहिल्यांदा मीही नाही.)

कपड्यांचा हा निकाल जगभर दुसरेच लावतात. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत डोकं झाकून खेळू देईनात, म्हणून कतारच्या बास्केटबॉल खेळाडूंनी सामना सोडला. नियम बदलला २०१७ मध्ये. इकडे झाक म्हणतात, तिकडे काढ म्हणाले.

हा खेळ निघाला १८९१ साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मुली खेळू लागल्या, तर बाया दमतील म्हणून मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग ओलांडायचा नाही! ती बंधनं पुरती जायला कित्येक दशकं लागली. आपल्याकडे रेघ मारायचीही गरज पडली नाही, उंबरा होताच.

ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावच्या मैदानावर मात्र मुलींची एकही संध्याकाळ नाही. तिथं रोज पोरांचं क्रिकेट. मुली येतच नाहीत, असं वर आम्हालाच ऐकवतात. दिवा नाही, संडास नाही, कडेला टवाळ पोरं बसलेली. कशा येतील?

येत्या महिला ग्रामसभेत आम्ही मागणार आहोत: आठवड्याच्या दोन संध्याकाळी, एक दिवा, एक संडास आणि एका खांबावर ३.०५ मीटर उंचीवर लोखंडी कडं. त्या दोन संध्याकाळी क्रिकेटवाल्यांनी घरी जाऊन भांडी घासली तरी चालेल.